तांड्यावर रेंज नाही, नकाशात मात्र आहे. काय करता येईल?

अंगणवाडीवाली

नमस्कार मंडळी. मी धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात अंगणवाडी सेविका आहे. एकोणीस वर्षं झाली. इथं वाचते नेहमी, लिहितेय पहिल्यांदाच, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

आमचं गाव मोठं, रस्त्याला लागून. टॉवर गावातच आहे, शाळेच्या पाठीमागं. पण माझी अंगणवाडी गावात नाही, तांड्यावर आहे. गावापासून साडेतीन किलोमीटर. मधी एक टेकाड, सगळं सीताफळीनं भरलेलं, आणि त्याच्या पल्याड खोलगटात साठ-पासष्ट घरं. टेकाडाच्या माथ्यावर फोरजी, पल्याड उतरलं की "सेवा नाही". अंगणवाडीच्या खोलीत फोन म्हणजे निव्वळ घड्याळ.

आणि काम तर सगळं फोनवर आलंय. सरकारच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये रोजची हजेरी, लेकरांचं वजन-उंची, गरोदर बायांची नोंद. टीएचआरचं, म्हणजे घरी न्यायच्या आहाराचं, पाकीट देताना बाईचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरून पडताळायचा, त्याच्या आधी आधारची केवायसी, तिचा ओटीपी. ॲप गोल गोल फिरतं आणि दम टाकतं. मग मी काय करायची, तर बायांना घेऊन टेकाडावर जायची. माथ्यावर सेवालाल महाराजांचं मंदिर आहे, पांढऱ्या झेंड्याचं. चौथऱ्याच्या उगवतीच्या कोपऱ्यावर दोन काड्या येतात, मावळतीला एकच. आठव्या महिन्यातल्या बाईला पाकिटासाठी टेकाड चढायला लावायचं, सांगा. मागच्या महिन्यात एकीला चक्कर आली, तेव्हापासून ते मी बंद केलं. आता पाकीट देते, नोंद राहते, आणि मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत बोलणी खाते.

फोनचा दोष म्हणाल तर तोही नाही. २०२१ साली आम्ही सेविकांनी राज्यभर ते सरकारनं दिलेले निकृष्ट मोबाईल परत केले होते, कुणाला आठवत असेल. आताचा बरा आहे. गावात आलं की पळतो.

कंपनीला तीनदा फोन केला. "मॅडम, तुमच्या भागात आमचं कव्हरेज उत्तम आहे, फोन बंद करून पुन्हा चालू करा." भाच्यानं त्यांचा नकाशा उघडून दाखवला. गाव हिरवं, टेकाड हिरवं, तांडाबी हिरवा! मी त्याला म्हटलं, पाऊस पडल्यावर आमचा तांडा हिरवा असतो खरा, त्याचाच फोटो असंल.

एक गोष्ट सांगते म्हणजे हा विषय नुसत्या नोंदीचा नाही हे कळेल. श्रावणात एकीला रात्री अडीचला कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन लावायला तिच्या दिराला, सतरा वर्षांचं पोरगं, बॅटरी घेऊन टेकाडावर पळवलं. गाडी आली, बाळ-बाळंतीण सुखरूप. पण त्या पोराचा पाय चिखलात मुरगळला तो दिवाळीपर्यंत लंगडत होता.

माझं विचारणं एवढंच. तांड्यासाठी वेगळा टॉवर मागता येतो का, आणि कुणाकडं? आणि तो येईल तेव्हा येईल, तोवर त्या एका खोलीत तरी नेट यावं असं काही करता येतं का?

गंगथडी

ताई, आधी दुसऱ्या कंपनीचं सीम घालून बघा. लगेच पोर्ट करू नका, कुणाचं तरी मागून घ्या आणि खोलीत बसून तपासा. आमच्या गंगाखेडच्या खालच्या अंगाला एकेका माणसाजवळ तीन सीम आहेत: एक बोलायला, एक नेटला, एक नुसतं बँकेच्या ओटीपीला.

ते नाही जमलं तर ऑनलाइन रेंज वाढवायचा बूस्टर मिळतो चार-पाच हजारांत. पत्र्यावर टाकायचा, काम खलास.

जुना तारबाबू

दूरसंचारमध्ये चौतीस वर्षं काढली. परभणी, हिंगोली, नांदेड पायाखाली घातलं. खांबावर चढून तार ओढण्यापासून सुरुवात केली. आता नातवंडं सांभाळतो, वेळच वेळ आहे, म्हणून लांबलचक लिहितोय.

गंगथडी, रागावू नका, पण तो बूस्टर कुणाला सांगत जाऊ नका. विनापरवाना रिपीटर लावणं बेकायदा आहे. परवान्याशिवाय वायरलेस यंत्र बाळगायची बंदी पार १९३३ च्या कायद्यापासूनची. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, लग्नात माइक भोंग्यासमोर नेला की कशी शिट्टी वाजते? तेच होतं. डबा स्वतःचाच आवाज ऐकतो, तो पुन्हा वाढवतो, आणि ती शिट्टी टॉवरच्या कानात. मग त्या टॉवरवरच्या सगळ्या गावाचे फोन अडखळायला लागतात. एकदा चार दिवस आम्ही एका टॉवरचा बिघाड शोधत होतो. सापडला कुठं, तर एका लॉजच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं लपवलेला डबा.

आता ताई, तुमचं. टॉवरला कंदील समजा. टेकाडाच्या पल्याड अंधार पडणारच. त्यात टॉवरवर ज्या उभट पांढऱ्या पेट्या दिसतात ना, त्या साधारण तीन दिशांना तोंड करून असतात. कंपनी त्यांची तोंडं रस्ता आणि वस्ती बघून लावते, आणि जराशी खाली वाकवते, शेजारच्या टॉवरशी भांडण नको म्हणून. तुमच्या तांड्याच्या अंगाला एकही पेटी सरळ बघत नसेल, असं माझं मन सांगतं. शाळेमागं जाऊन खालून बघा, डोळ्यांना दिसतं.

सीम बदलून फरक पडतो, पण का पडतो ते समजून घ्या. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि टेकाडाच्या कडेवरून थोड्या वाकून खाली उतरतात. १८००, २१००, २३०० वाल्यांना ते तितकंसं जमत नाही. आणि फाइव्हजीचा ३५०० च्या आसपासचा पट्टा तर टेकाड बघून माघारीच फिरतो. म्हणजे कंपनीच्या नावापेक्षा तुमच्या टॉवरवर कोणता पट्टा चालू आहे हे महत्त्वाचं. बीएसएनएलनं फोरजीला ७०० आणि २१०० घेतलेत. त्यांची स्वदेशी फोरजी २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुड्याहून देशभर जाहीर झाली. जुनं सीम असेल तर फोरजीचं बदलून घ्यावं लागतं, आणि फोनमध्ये ७०० चा पट्टा, ज्याला बँड २८ म्हणतात, तो आहे का तेही बघा.

अजून एक, जे फारसं कुणी सांगत नाही. टॉवर मोठ्या आवाजात बोलतो, तुमचा फोन बोलतो फार तर ०.२ वॅटनं. तुम्हाला टॉवरचं ऐकू येतं, टॉवरला तुमचं येत नाही. म्हणून काडी दिसते, व्हॉट्सॲपवर शुभ सकाळ येतं, आणि तुमचा चेहऱ्याचा फोटो काही वर जात नाही. तुमचं काम नेमकं वर पाठवायचं आहे.

काड्यांवर विश्वास ठेवूच नका. प्रत्येक फोन त्या आपल्या मर्जीनं रंगवतो. नेटवर्क मोजायचं एखादं ॲप घ्या, त्यात आरएसआरपी नावाचा उणे आकडा दिसतो. उणे ८५ म्हणजे छान. उणे १०० पर्यंत चालतं. उणे ११५ च्या पलीकडं नुसती रडारड. आकडा तीननं घसरला की ताकद निम्मी झाली समजायचं. तांड्यावर दहा-बारा जागी मोजा, जमिनीवर आणि उंचावर, आणि वहीत लिहा: तारीख, वेळ, जागा, कंपनी, आकडा.

त्या हिरव्या नकाशाची गंमत. तो नकाशा कंपनीनं हौसेनं टाकलेला नाही, ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०२४ च्या नियमांनी तो संकेतस्थळावर दाखवणं बंधनकारक केलंय. पण असे नकाशे मुख्यतः गणितानं रंगतात: टॉवरची उंची, ताकद, जमिनीचा चढउतार. कुणी फोन घेऊन तुमच्या खोलीत बसलेलं नसतं. म्हणून तुमची वही. तक्रार करताना "रेंज येत नाही" म्हणू नका. "तुमच्या नकाशात अमुक अक्षांश-रेखांशावर फोरजी दाखवलंय, माझ्याकडं तिथं उणे ११९ येतंय" असं लिहा. तक्रार क्रमांक घ्या, उत्तर पटलं नाही तर कंपनीकडंच अपील असतं ते करा, त्यानंही झालं नाही तर केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभाग निवडून टाका. शेवटच्या पायरीला कंपनीचा सूर बदलतो, हा माझा अनुभव.

आता टॉवरचं. खेड्यात टॉवरसाठी पैसा आहे, आणि तो आपलाच आहे. कंपन्यांच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग ग्रामीण सेवेच्या निधीत जातो, २००२ पासून. २०२३ च्या कायद्यानं त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. जुलै २०२२ मध्ये केंद्रानं २४,६८० फोरजी नसलेल्या गावांसाठी २६,३१६ कोटी मंजूर केले. गोम अशी की ही सगळी मोजणी गावाची. जनगणनेत तुमचा तांडा त्या मोठ्या गावाच्या पोटात आहे, आणि गावात टॉवर आहे, म्हणजे सरकारदरबारी तुम्ही जेवलेले आहात. पण त्याच निर्णयात २० टक्के जादा गावांची सोय ठेवली होती: पुनर्वसित गावं, नव्या वस्त्या, जिथून कंपनीनं सेवा काढून घेतली अशी ठिकाणं. तांडा नवा नाही, पण दार ठोठवायला ही फट आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घ्या. त्यात "आमच्या गावाला टॉवर द्या" असं लिहिलंत तर फाईल तिथंच मेली, कारण टॉवर आहे. तांड्याचं नाव, घरं, लोकसंख्या, अंतर, अक्षांश-रेखांश, मधलं टेकाड आणि तुमचे आकडे, असं लिहा. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पाठवा.

असा टॉवर झाला तर बीएसएनएलच्याच सीमवर चालेल ही भीती नको. जानेवारी २०२५ पासून या निधीतल्या टॉवरांवर बीएसएनएल, एअरटेल, जिओ तिघांचं सीम चालवायची सोय सुरू केली आहे.

आणि रात्री-अपरात्री १०८ बरोबर ११२ पण लावत जा. तुमच्या कंपनीची रेंज नसली आणि दुसऱ्या कुठल्याही कंपनीची असली, तर ११२ तिच्या टॉवरवरून जातो. १०८ च्या बाबतीत तशी खात्री नाही. हे तांड्यावर प्रत्येक घरात सांगा.

लातूरकर पुण्यात

तारबाबूकाका, वाचून मजा आली. पण सरळ बोलायचं तर साठ घरांसाठी खासगी कंपनी टॉवर कशाला उभारील? टॉवरचं भाडं, वीज, बॅटऱ्या, आणि साठ घरांचं रिचार्ज. हिशेब बसत नाही.

आणि फायबरचं काय? देशभर ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायचं २०११ मध्ये ठरलं, २०१५ मध्ये त्याचं भारतनेट झालं, २०२३ मध्ये आणखी १ लाख ३९ हजार कोटींचा कार्यक्रम मंजूर झाला. माझ्या गावच्या ग्रामपंचायतीत तो डबा भिंतीवर आहे. ग्रामपंचायतीनं वीजबिल थकवलं, मीटर गेलं, डबा झोपला. दोन वर्षं त्याच्यावर ग्रामसेवकाची टोपी टांगलेली असते. गणपतीला गावी गेलो की घरून काम करायचं म्हणून मी चुलत्याच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसतो. चुलता म्हणतो, कंपनी तुला पगार उन्हात बसायचा देते का रे.

अंगणवाडीवाली

तारबाबूकाका, तुमचं दोनदा वाचलं, वहीत उतरवून घेतलं. शाळेमागं जाऊन बघितलं. तीन पेट्या: एक धारूरच्या अंगाला, एक घाटाकडं, एक गावात. आमच्याकडं सगळ्यांची पाठ.

लातूरकर दादा, हिशेबाचं खरं सांगते. दिवाळी झाली की तांडा रिकामा होतो. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता घेऊन जोडीच्या जोडी ऊसतोडीला जाते, कोल्हापूर, सांगली, खाली कर्नाटकात. चैत्रापर्यंत मागं कोण, तर म्हाताऱ्या, शाळेची लेकरं आणि ज्यांचे दिवस भरत आलेत अशा दोन-चार बाया. कंपनीनं डिसेंबरात येऊन माणसं मोजली तर रिचार्ज मारणारं कुणी दिसणारच नाही. आणि फोन लागतो तो त्याच सहा महिन्यांत. लेकरू रोज संध्याकाळी विचारतं, याडीचा फोन आला का. याडी म्हणजे आई. आजी नातवाला कडेवर घेऊन टेकाड चढते, माथ्यावर फोन धरून बसते, फडावरून फोन येतो न येतो, अंधार पडला की उतरते.

तोच घोळ ओटीपीचा. बाळंतीण इथं, आधारला नंबर नवऱ्याचा, नवरा उसाच्या फडात. ओटीपी जातो शिरोळ तालुक्यात.

गंगथडी दादा, तीन सीमं घालून बघितली. खोलीत तिन्ही मेलेली.

डोंगरशाळा

मी सोयगावकडचा, अजिंठ्याच्या डोंगरातल्या वस्तीशाळेवर जिल्हा परिषदेचा मास्तर. ताई, तुमची खोली आणि माझी शाळा सख्ख्या बहिणी दिसतात. टॉवरची वाट न बघता मी काय केलं ते सांगतो. तीन चुका माझ्या नावावर आहेत, त्या तुम्ही करू नका.

साधन साधं आहे. सीम घालायचा फोरजी राउटर, ज्याला बाहेरची अँटेना लावायला दोन पितळी तोंडं असतात असाच बघून घ्यायचा, आणि दोन दिशादर्शक अँटेना, जुन्या टीव्हीच्या असायच्या तशा काडीकाडीच्या. राउटर साडेतीन हजार, अँटेनाची जोडी दोन हजारांच्या आत. हे बूस्टर नव्हे. राउटर स्वतःच एक फोन आहे, फक्त कान मोठे.

पहिली चूक: अँटेना उंच बांबूवर, राउटर खाली वर्गात, मधी पंधरा मीटर बारीक काळी केबल. अँटेनानं जे कमावलं ते सगळं केबलनं गिळलं. असल्या स्वस्त केबलीत २१०० च्या आसपास मीटरमागं जवळजवळ एक डेसिबल जातं (तारबाबूंचे ते उणे आकडे याच मापाचे). म्हणजे पंधरा मीटरला पंधरा, आणि अँटेनाची कमाईच दहा-बारा! नंतर राउटरच वर नेला, पावसात न भिजणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, अँटेनापाशी हातभर केबल ठेवली आणि खाली नेटची लॅन केबल आणली. ती शंभर मीटरपर्यंत चालते, काही गळत नाही.

दुसरी चूक: दोन्ही अँटेना सरळ उभ्या लावल्या. एक डावीकडं अर्धी कललेली, एक उजवीकडं, अशा काटकोनात लावायच्या. टॉवरकडूनही लहरी तशाच तिरक्या येतात. नुसतं तिरकं केल्यावर वेग दीडपट झाला.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. महिनाभर मी अँटेना जवळच्या टॉवरकडं धरून बसलो होतो, डोंगराच्या पोटात. एक दिवस पोरांपैकी एकानं खेळता खेळता बांबू फिरवला आणि नेट पळायला लागलं! दरीच्या तोंडातून पार लांबचा टॉवर दिसत होता. तेव्हापासून मी सांगतो, आधी बांबू गोल फिरवा.

वाय-फाय आल्यावर फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा. कंपनीची सोय असेल तर साधे फोनही त्यावरून लागतात, खोलीत एक काडी नसली तरी.

जुना तारबाबू

मास्तर, फक्कड. एक भर घालतो, कारण यात जीव जाऊ शकतो. आपल्या मराठवाड्यात वळवाच्या पावसात विजा किती पडतात हे सांगायला नको. लोखंडी पाइप उंच उभा करताय तर खाली जाड तांब्याची तार जोडून ओलसर जमिनीत नीट पुरा, आणि आभाळ भरून आलं की लॅन केबल आणि पिन दोन्ही काढून ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप जवळ वीज पडायची शक्यता आधी सांगतं. त्यालाही रेंज लागते हा विनोद माझा नाही.

अंगणवाडीवाली

संक्रांतीच्या शुभेच्छा मंडळी. उशिरा लिहितेय, पण काम करून लिहितेय.

आधी वही. अंगणवाडीच्या खोलीत गावच्या टॉवरचे आकडे: उणे १२१, उणे १२३, काही नाही, उणे १२०. समाजमंदिराच्या पायरीवर उणे ११८. मग मास्तरांचं ऐकून तांड्याच्या पाण्याच्या टाकीवर चढले. माझं वय एक्केचाळीस, शिडी उभी, खाली नायक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, आणि चार म्हाताऱ्या "पडशील गं" म्हणून ओरडतायत. वर जाऊन गावाकडं तोंड केलं, उणे ११४. हळूहळू फिरले. पाठीमागं, तेलगावच्या अंगाला, जिथं डोंगर तुटतो आणि खालचा सपाट मुलूख दिसतो, तिथं उणे ९८! साध्या फोनवर, हातात धरून. गावचा टॉवर साडेतीन किलोमीटरवर आणि हा खालचा, नकाशात मोजला तर अकरा. एकोणीस वर्षं मी टेकाड चढत होते ते उलट्या दिशेला.

पैशाचं नायकांनी मनावर घेतलं. घरटी शंभर. जे तोडीला गेलेत त्यांचं म्हाताऱ्यांनी भरलं, दोघींनी ज्वारीच्या रूपानं. राउटर, अँटेना, डबा, साठ मीटर लॅन केबल, पाइप, तार मिळून सात हजार तीनशे झाले. राउटर टाकीवर, वीज पंपाच्या खोलीतून. दिवसातून चार-सहा तास लाइट जाते, त्याला भाच्यानं मोटरसायकलची बॅटरी जोडून दिली. अर्थिंग केलं काका, खड्ड्यात मीठ-कोळसा घालून, वायरमनला चहा पाजून.

खोलीत आता सहा-सात एमबीपीएस येतं. दुपारी जास्त, रात्री आठनंतर कमी, कारण खालच्या मुलखातले सगळे तेव्हाच बसतात बघत. पहिल्या दिवशी अकरा बायांचे चेहरे एका तासात झाले. एकीचा होईना, ॲप म्हणे ही ती बाई नव्हेच. लग्नाआधीचा आधारचा फोटो, आता चौथं बाळंतपण. तिलाच हसू आलं.

नवीनच डोकेदुखी सांगते. संध्याकाळी अंगणवाडीच्या पायऱ्यांवर पोरांची जत्रा. पासवर्ड मी चार जणींना सांगितला, चाळीस जणांना कळला. डाटा तिसऱ्या दिवशीच संपला. आता नऊनंतर बंद करते. नायक म्हणतात दहावीच्या तिघांसाठी चालू ठेव, त्यांच्यासाठी ठेवते, आणि ती तिघंजण अभ्यास करतात की काय करतात ते देव जाणे.

ठराव लिहून झालाय, अक्षांश-रेखांशासकट, २६ ला ग्रामसभेत ठेवायचाय. सरपंच म्हणतात कशाला, आता तर नेट आलं ना. त्यांना सांगितलं, हे नेट नव्हे, हा बांबू आहे. एका पावसाळ्याचा पाहुणा. आणि खोलीच्या बाहेर पन्नास पावलांवर अजूनही काही नाही.

तक्रारीचं उत्तर आलं: "आपल्या भागात तपासणी केली असता कव्हरेज समाधानकारक आढळले." अपील केलंय. वहीतल्या दोन पानांचे फोटो जोडलेत.

ओटीपीचं मात्र अजून तसंच आहे. परवा एका बाळंतिणीची केवायसी करायची होती. खोलीतून वाय-फायवर तिच्या नवऱ्याला फोन लावला, तर बंद. दुसऱ्यांदा बंद. तिसऱ्यांदा मुकादमानं उचलला, म्हणाला, ताई, तो उसात आहे, बारा फुटी ऊस, आत रेंज नसते. मग त्यानं हाक मारली. दहा मिनिटांनी त्या माणसाचा फोन आला. कुठून बोलतोस म्हटलं, तर भरलेल्या ट्रॉलीवर चढलोय, उसाच्या मोळ्यांवर. मी ओटीपी पाठवला, त्यानं वाचायला सुरुवात केली, चार आकडे सांगितले आणि ट्रॅक्टर हलला.

उद्या दुपारी बाराला पुन्हा लावणार आहे, त्यांची जेवणाची सुट्टी असते.